राउटरमागचा पहारा

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरने अमेरिकेतल्या, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ कंपनीवर हल्ला चढवला. ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. हल्ल्याला जुंपलेली यंत्रं कोणती? घरोघरचे कॅमेरे आणि राउटर, कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले!

यावर एक उपाय म्हणजे वेगळा फायरवॉल राउटर. जुन्या ६४-बिट संगणकाला दोन लॅन पोर्ट असले की ‘ओपीएनसेन्स’ हे फायरवॉल सॉफ्टवेअर त्यावर फुकटात चालतं.

फायबरवाल्याचा डबा मात्र ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून घ्यावा. नाहीतर पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते आणि ऑनलाइन गेम रुसतात. दोन्ही डबे १९२.१६८.१.१ वरच अडून बसले, तर नेटच बंद!

कॅमेऱ्यांना स्वतंत्र नेटवर्क द्या. पासवर्ड तर आजच बदला. त्याला पैसे पडत नाहीत.