लॅपटॉपची बॅटरी जपा, गटाचा पैसा वाचवा

मैत्रिणींनो, बऱ्याच गटांचा हिशोब आता लॅपटॉपवर असतो. त्याची बॅटरी मोबाईलसारखीच, लिथियम-आयनची. ती पूर्ण संपवून मगच चार्जिंगला लावायची, हा समज जुना झाला. चार्जिंग 20 ते 80 टक्क्यांत ठेवलं तर बॅटरी जास्त टिकते.

उष्णतेनं बॅटरी लवकर खराब होते. म्हणून लॅपटॉप गादीवर, उन्हात, चुलीजवळ ठेवू नका. महिनाभर वापरायचा नसेल, तर अर्धा चार्ज करून बंद ठेवा.

बॅटरी फुगली तर चार्जिंग लगेच थांबवा. दाबू नका, टोचू नका. आग लागू शकते. जाणकार दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या.

माझं मत विचाराल तर, लॅपटॉप चार्ज धरत नाही म्हणून लगेच नवा घेऊ नका. आधी बॅटरी बदलून पाहा. आणि हिशोब वहीतही लिहाच!