कुणीच न लावलेला गंधार

मैफिलीतला मला सगळ्यांत प्रिय भाग गाणं सुरू होण्याआधीचा असतो. रंगमंचावर दोन तंबोरे जुळत असतात. प्रेक्षागृहात कुणी खुर्ची शोधतंय, कुणी फोन बंद करतंय, आणि तिकडे गायक डोळे मिटून तारांकडे कान लावून बसलेला असतो. एक खुंटी किंचित पिळली जाते, एक मणी केसभर सरकतो. मग अचानक तारा वेगवेगळ्या ऐकू येईनाशा होतात. सगळा नाद एकत्र भरून येतो आणि त्यात वर कुठेतरी एक गंधार स्वच्छ बोलू लागतो.

त्या तंबोऱ्यावर गंधाराची तारच नसते.

तारा चार. पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या मध्य षड्जाच्या, चौथी जाड तार खर्जाची. म्हणजे लावलेले स्वर दोनच, सा आणि प. तरी गंधार ऐकू येतो, आणि तो भास नसतो. आपल्या संगीतात त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आयुष्यातल्या आवडत्या सुखांची यादी करायला बसले तर मी हा गंधार सर्वांत वर ठेवेन. तो कुठून येतो हे कळल्यावर तर माझं सुख दुप्पट झालं.

खर्जाची तार सेकंदाला 70 वेळा कंप पावते असं धरू. पुरुषाच्या काळी एकच्या पट्टीत ती जवळपास तेवढीच असते. पण तार फक्त अखंड हलत नाही. त्याच वेळी ती दोन भागांतही हलते, तीन भागांतही, चार, पाच, सहा भागांतही. एकाच तारेच्या पोटात एकाच क्षणी ही सगळी कंपनं चाललेली असतात. दोन भागांचं कंपन 140 चं, तो मध्य सप्तकातला सा. तीन भागांचं 210 चं, तो प. चार भागांचं 280 चं, तार सप्तकातला सा. आणि पाच भागांचं 350 चं. 280 ला 350, म्हणजे चारास पाच. हेच शुद्ध गंधाराचं नातं. तो कुणी लावला नाही, तारेच्या विभागणीतच तो होता. हार्मोनियमच्या आजच्या समविभागी सप्तकात हा गंधार साधारण 353 वर येतो. इतका बारीक फरक असूनही, जुळलेल्या तंबोऱ्याजवळ पेटीचा गंधार दाबून ठेवला की दोन स्वर एकमेकांना खुपतात. कान तयार नसला तरी हे जाणवतं.

आता खरी गंमत. अशी विभागणी तर प्रत्येक ताणलेल्या तारेत होते, गिटारच्याही. मग तिथे हे वरचे स्वर लगेच विरून जातात आणि तंबोऱ्यात इतका वेळ झळकत का राहतात?

उत्तर भोपळ्यावरच्या घोडीत आहे. गिटारची तार एका धारदार कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी हाडाची, शिंगाची किंवा शिसवीची, चांगली रुंद असते, आणि तिचा माथा सपाट वाटला तरी त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर किंचित लोळते. पोळपाटावर लाटणं फिरताना टेकण्याची जागा जशी सरकत राहते, तशी तारेची टेकण्याची जागा प्रत्येक कंपनात पुढेमागे होते. म्हणून तारेची मोकळी लांबी क्षणोक्षणी बदलते, आणि खालच्या मोठ्या कंपनातली शक्ती वरच्या बारीक कंपनांत पुन्हा पुन्हा वाटली जाते. हाच जवारीचा, म्हणजे घोडीच्या या घडवलेल्या माथ्याचा, गुण. त्यात शेवटचा हात फिरवतो तो तारेखाली घोडीवर सरकवलेला एक साधा सुती किंवा रेशमी दोरा. तो एका नेमक्या जागी आला की तार उघडते. तिथून जरा इकडे किंवा तिकडे गेला की आवाज बोथट होतो. इतक्या प्रचंड नादाची किल्ली एका दोऱ्यात असावी याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही या घोडीने गुंतवून ठेवलं होतं. नोबेल मिळण्याच्या जवळजवळ दशकभर आधी, 1921 मध्ये, त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्यावर शोधनिबंध लिहिला. भौतिकशास्त्रातला एक जुना नियम असा की तार बरोबर मध्यावर छेडली तर तिचे दोन, चार अशा सम भागांचे स्वर उमटायला नकोत, कारण ते ज्या बिंदूवर स्थिर असतात तोच बिंदू तुम्ही हलवलेला असतो. रामन यांनी दाखवलं की तंबोऱ्याची तार हा नियम पाळत नाही. मध्यावर छेडली तरी तिच्यातून वरच्या सप्तकाचा स्वर जोरात येतो, आणि त्याचं कारण घोडीचा तो रुंद, वळणदार माथा. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कानसेने हा माथा घासला त्यांच्या हाताशी कुठलंही समीकरण नव्हतं.

ते हात मिरजेत आहेत. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले, आणि मिरजेत तंतुवाद्यांची परंपरा उभी राहिली. पंढरपूर परिसरातून मोठाले भोपळे येतात. ते वाळवायचे, कापायचे, त्यांना आकार द्यायचा, तबली बसवायची, दांडी जोडायची. हे सगळं झालं तरी वाद्य मुकं असतं. जवारी काढल्यावरच ते बोलायला लागतं. कारागीर तार बाजूला सारतो, घोडीवर दोनचार वेळा कानस फिरवतो, तार परत बसवतो, छेडतो, ऐकतो. पुन्हा तार बाजूला. खुली जवारी हवी की बंद, गाणारा पुरुष आहे की स्त्री, पट्टी कोणती, यावर तो घास ठरतो. किती घासायचं याचं माप नाही, कान सांगेल तिथे थांबायचं. तारांनी घोडीवर चरे पाडले की काही काळाने हे सगळं परत करावं लागतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला मनापासून आनंद झाला. त्या गावात गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले आणि तिथल्याच दर्ग्यात ते विसावले आहेत. ज्यांच्या घराण्याने एकेका स्वराच्या आसेला इतकं महत्त्व दिलं, त्यांचं गाव हेच असावं, हे फार शोभतं.

आता पुन्हा त्या जुळवण्याकडे. जोडीची एक तार 140 वर आणि दुसरी 141 वर असली तर दर सेकंदाला आवाजात एक लाट येते, नाद फुगतो आणि ओसरतो. पण दोन्ही तारांतले पाच भागांच्या कंपनाचे स्वर 700 आणि 705 वर असतात. तिथे सेकंदाला पाच लाटा, एक स्पष्ट थरथर. म्हणजे खालच्या स्वरात जी चूक जेमतेम कळते ती वर पाचपट मोठी होऊन दिसते. गायक मणी सरकवताना मान कलती करून जे शोधत असतो ते वरच्या स्वरांतली ही थरथर थांबण्याची जागा. ती थांबली की गंधार स्थिर होतो. ‘तंबोऱ्यात किती वेळ घालवतात’ असं कुणी कुरकुरलं की मला वाईट वाटतं, कारण चूक दाखवणारं हे भिंग किती बारीक आहे हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

तुम्हाला हा गंधार ऐकायचा असेल तर एक युक्ती आहे. जुळलेल्या तंबोऱ्याजवळ बसा, शुद्ध गंधार अगदी हळू गुणगुणा आणि थांबा. आपला आवाज गेल्यावर तोच स्वर तारांत चालू असलेला सापडेल. एकदा सापडला की पुढे शोधावा लागत नाही.

आणि गंधारावर हे संपत नाही. पंचमाच्या तारेचं तिसरं कंपन षड्जाशी ताडून पाहिलं तर रिषभ येतो, आणि पाचवं कंपन म्हणजे शुद्ध निषाद. यमनाची सुरावट ज्या नी, रे, ग या स्वरांनी उघडते, ते तिन्ही स्वर कुणी न छेडता तंबोऱ्यात आधीच वाजत असतात. गायक त्यांवर फक्त आवाज ठेवतो. यमनाच्या पहिल्या आलापात घर सापडल्यासारखं का वाटतं, याचा निदान काही उलगडा मला इथे झाला.

मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार मध्यमात लावतात. पण षड्जाच्या तारा त्याच राहतात, आणि त्यांच्यातून शुद्ध गंधार निघत राहतो. मालकंसाचा गंधार मात्र कोमल. म्हणजे गायक ज्या नादावर उभा आहे त्यात एक गंधार आहे, आणि गळ्यातून तो दुसराच काढतो आहे. त्या कोमल गंधारावर चांगला गायक थांबतो, किंचित आंदोलन देतो, मग षड्जावर येतो. हल्ली मालकंस ऐकताना मी त्या दोन गंधारांमधल्या अंतराकडेच कान लावून असते.