मागच्या चाकालाही डिस्क आली; आता मिस्त्रीने काय शिकावे?

आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल मोटार दुरुस्तीच्या कामावर पेटते. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुसला जा किंवा तिकडे गडचिरोली, आलापल्ली, अहेरीला जा. रस्त्याच्या कडेला टिनाचे शेड, दोन जॅक आणि पान्यांची पेटी एवढ्या भांडवलावर माणसाने संसार उभा केलेला दिसेल. या कारागिरांचा हात ड्रम ब्रेकवर तयार झाला. जीप असो, अँबेसेडर असो, मारुती ८०० असो की ताडोबाच्या दारावरची जिप्सी असो, मागच्या चाकांना ड्रमच. ड्रम ठोकून उतरवायचा, लायनर पाहायचे, स्प्रिंगा बदलायच्या, अॅडजस्टर आवळून चाक हाताने फिरवून बघायचे. डोळे मिटून होणारे काम.

आता गाड्या बदलल्या आहेत. महिंद्राची एक्सयूव्ही ५०० ही २०११ साली चारही चाकांना डिस्क घेऊनच आली. पुढे २०१९ ची सेल्टॉस, २०२० ची नवी क्रेटा, २०२१ ची एक्सयूव्ही ७०० अशा गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत मागेही डिस्क मिळू लागली. या गाड्या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत भरपूर खपल्या. कोळसा खाणींचे ठेकेदार, सिमेंट कारखान्यांचे अधिकारी, धानाचे व्यापारी असे त्यांचे गिऱ्हाईक. वॉरंटी आहे तोवर गाडी कंपनीच्या वर्कशॉपला जाते. वॉरंटी सरली की मालक खर्चाचा हिशेब करतो आणि गाडी आपल्या शेडपुढे येऊन उभी राहते. एटापल्ली किंवा भामरागडच्या माणसाने दोन पॅडसाठी नागपूर गाठावे, ही अपेक्षाच चूक आहे.

गाडी दारात आली, पण काम येते का? आमचाच अनुभव सांगतो. आमच्या गाडीचे मागचे पॅड संपले म्हणून आम्ही ती एका ओळखीच्या गॅरेजात दिली. मुलगा कामसू होता. पुढच्या डिस्कचे काम त्याने शेकडो वेळा केलेले. त्याच सवयीने त्याने मागच्या कॅलिपरचा पिस्टन शिकंजा लावून दाबला. पिस्टन हलेना म्हणून आणखी जोर लावला. काहीतरी कट्‌ वाजले, पिस्टन थोडा आत गेला, पॅड बसले, पैसे दिले, आम्ही निघालो. आठ दिवसांनी गडचिरोलीहून परतताना मूलच्या अलीकडे जळका वास येऊ लागला. आम्हाला वाटले पुढच्या ट्रकचा असेल. मूल मागे टाकून जंगलात शिरलो आणि चितळांचा कळप आडवा आला. पेडल दाबले तर ते कापसासारखे खोल गेले. गाडी थांबली, पण शेवटचे चितळ बोनेटपासून हातभर अंतरावरून गेले. उतरून पाहिले तर मागच्या उजव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता.

झाले होते ते असे. मागच्या अनेक कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणाही पिस्टनच्या पोटातच असते. आत एक आट्यांचा दांडा असतो. पॅड झिजेल तसा पिस्टन त्या आट्यांवरून बाहेर सरकत राहतो. असा पिस्टन दाबून आत जात नाही, तो फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. जोराने दाबला की आतली यंत्रणा मोडते आणि हँडब्रेक पुरता सुटत नाही. पॅड डिस्कला घासत राहतो, डिस्क तापते, शेजारचे ब्रेक ऑइल उकळते. उकळलेल्या ऑइलात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खोल जाते. पूर्ण कॅलिपर बदलावे लागले. त्याची किंमत पॅडच्या संचाच्या कित्येक पट होती, आणि गॅरेजवाल्याने ती निम्मी स्वतःच्या खिशातून दिली, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

त्यानंतर दोन्ही बाजूंच्या डिस्क व पॅड बदलण्याचे काम आम्ही चंद्रपुरात पठाणपुरा दरवाज्याच्या आत, घरच्या अंगणात केले. सोबतीला एक वयस्क मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही म्हणतो. चाचांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे जमीन पाहिली. अंगण सपाट हवे. मागच्या चाकाचे काम असल्याने हँडब्रेक सोडलेलाच ठेवावा लागतो, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. मग जॅक, आणि जॅकखेरीज घोडी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली चाचा कोणालाही हात घालू देत नाहीत.

चाक निघाले की कॅलिपरचे दोन बोल्ट काढायचे. कॅलिपर सुटला की तो रबरी पाइपावर लोंबकळू द्यायचा नाही. तारेने वर बांधायचा. पाइप आतून तुटला तर बाहेरून काही दिसत नाही. त्यानंतर पॅड धरणारी लोखंडी चौकट उतरवायची, म्हणजे डिस्क मोकळी होते. ती बहुधा एखाद-दुसऱ्या छोट्या स्क्रूने धरलेली असते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर तो स्क्रू गंजून बसलेला असतो. येथे घाई केली की स्क्रूचे डोके जाते. गंज सोडवणारे तेल टाकून चहा प्यावा, मग ठोक्याच्या स्क्रू ड्रायव्हरने काढावा. काही मुले थेट गॅसची ज्योत लावतात. आजच्या गाड्यांत तेथेच एबीएसचा सेन्सर असतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. पुष्कळ डिस्कना दोन आट्यांची रिकामी भोके दिलेली असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले की डिस्क आपोआप बाहेर ढकलली जाते. हातोडा लागत नाही.

डिस्कच्या कडेवर किंवा आतल्या बाजूला किमान जाडी कोरलेली असते. आमच्या डिस्कवर ८ मिलिमीटर होती. मायक्रोमीटरने मोजली तर ७.६ भरली. साधे व्हर्नियर लावले असते तर कडेच्या न झिजलेल्या काठामुळे माप फसवे आले असते. अशी डिस्क खरादावर साफ करून पुन्हा बसवून देणारे दुकानदार आहेत. किमान जाडीखालची डिस्क खरादणे म्हणजे गिऱ्हाइकाला पातळ पत्र्यावर गाडी थांबवायला सांगणे होय. डिस्क असो वा पॅड, डावे-उजवे जोडीनेच बदलायचे, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

नवी डिस्क चढवण्यापूर्वी चाचांनी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने इतका घासला की आम्हाला कंटाळा आला. कारण त्यांनी दाखवले: गंजाची एक खपली मध्ये राहिली तरी डिस्क तिरकी बसते आणि महिन्याभरात पेडल थरथरू लागते. मग गिऱ्हाईक म्हणतो, डिस्क डुप्लिकेट दिली. नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेल लावलेले असते. ते ब्रेक क्लीनरने पुसून काढायचे, बोटांचे ठसेही राहू द्यायचे नाहीत.

आता तो पिस्टन. त्याच्या तोंडावर खाचा असतात. त्या खाचांत बसणारे दोन दातांचे हत्यार मिळते. आधी बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्यातले थोडे ऑइल पिचकारीने काढून घ्यायचे, कारण पिस्टन आत जाईल तसे ऑइल वर चढते आणि रंगावर सांडले तर रंग जातो. मग हलका दाब देत पिस्टन फिरवायचा. बहुतेक गाड्यांत तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आत जातो. काहींत एका बाजूचा उलटा असतो. अडला की जोर न लावता दिशा तपासायची. शेवटी खाच अशी आणायची की पॅडच्या पाठीवरचा खुंटा तीत बरोबर बसेल.

ज्या गाड्यांत हँडब्रेकचा दांडाच नाही, नुसते बटण आहे, तेथे कॅलिपरवर छोटी मोटर असते. तिथे हत्यार लावण्याआधी स्कॅनरने किंवा कंपनीने सांगितलेल्या रीतीने ब्रेक सर्व्हिस स्थितीत न्यावा लागतो. हे न करता पिस्टन दाबला तर मोटरचे गिअर तुटतात; आणि काम चालू असताना कोणी आत बसून बटण दाबले तर बोटे सापडतात. स्कॅनर नसेल तर असे काम परत पाठवावे, त्यात कमीपणा नाही. पण दोन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक स्कॅनर घ्यावा असे आम्हाला वाटते. हे काम आता वाढतच जाणार.

आपल्या भागाची स्वतःची एक अडचण आहे. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पिना येथे लवकर जाम होतात. घुग्घुसकडची कोळशाची भुकटी, सुरजागडच्या खनिजाच्या गाड्यांनी उडवलेली लाल धूळ, आणि भामरागडच्या वाटेवरचा पावसाळी चिखल रबरी टोपीच्या फटीतून आत शिरतो. मग आतला पॅड पत्र्याला टेकतो आणि बाहेरचा निम्मा शिल्लक राहतो. असा असमान पॅड दिसला तर नुसते पॅड बदलून उपयोग नाही. पिना काढून, पुसून, ब्रेकसाठीचे उष्णतेला टिकणारे ग्रीस लावून बसवायच्या. फाटकी टोपी बदलायची. साध्या ग्रीसने रबर फुगते.

धुळीवरून एक गोष्ट सांगणे भाग आहे. ड्रम उघडला की हवेचा पाइप मारून भुकटी उडवण्याची आपल्या गॅरेजांत सवय आहे. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, आणि भारतात त्यावर आजही संपूर्ण बंदी नाही. स्वस्त मालात काय आहे हे खोक्यावरून कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अॅस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याची नोंद ४० वर्षे ठेवायला सांगितले, कारण हा रोग फुप्फुसात दशकानुदशके दबा धरून बसतो. शेडमधल्या हेल्पर पोराची नोंद कोण ठेवतो? भुकटी ओल्या फडक्याने पुसावी, हवा मारू नये.

सगळे बसवून झाले की गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचे. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिले दोन-तीन दाब थेट तळाला जातात; हे विसरून गाडी काढलेल्यांच्या भिंती पडल्या आहेत. मग हँडब्रेक काही वेळा ओढून सोडायचा, ऑइलची पातळी पाहायची, चाक हाताने मोकळे फिरते का बघायचे. आम्ही गाडी रिकाम्या रस्त्यावर नेऊन ५० च्या वेगावरून १५ पर्यंत हळूहळू आठ-दहा वेळा उतरवली, मध्ये न थांबता. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिले तर पॅडचा डाग तेथेच बसतो.

चाकाचे नट पुस्तकात दिलेल्या ताकदीने, समोरासमोरच्या क्रमाने आवळलेले होते. तरी चाचांनी १०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा बोलावली. एक नट पाव फेरा फिरला. त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र आमच्याकडून घेतला.