लिंबाच्या सालीखालचा शत्रू

बाळापूर म्हटले की मन आणि म्हैस ह्या नद्यांच्या संगमावरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आठवते. त्याच तालुक्यातील वाडेगाव मात्र कागदी लिंबांसाठी प्रसिद्ध आहे. भर वैशाखात सरबताच्या पेल्यात पिळल्या जाणाऱ्या ह्या फळाच्या झाडास एक गुप्त शत्रू आहे. त्यास साल खाणारी अळी म्हणतात.

उन्हाळ्याच्या शेवटी ह्या अळीचा मळकट रंगाचा पतंग सालीच्या भेगांत अंडी घालतो. अळी फांदीच्या बेचक्यात भोक पाडून दिवसा आत दडते. रात्री ती बाहेर येते, पण उघड्यावर नव्हे. रेशमी तंतू, विष्ठा आणि भुसा ह्यांची नळी विणून तिच्या आडोशाने ती साल कुरतडते. हा उद्योग नऊ-दहा महिने चालतो. सालीतून वाहणारा अन्नरस तुटतो, फांदी वाळते, फळ कमी धरते.

आता हवामान तापत आहे. कीटकास स्वतःची ऊब नसते. बाहेरच्या उष्णमानावरच त्याची वाढ आणि त्याच्या मुलखाची सीमा अवलंबून असते. कॅनडात ह्याचा दाखला मिळाला. तेथील पाइन वृक्षांत तांदळाच्या दाण्याएवढा एक भुंगेरा राहतो. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासची थंडी त्याच्या अळ्यांचा संहार करी. हिवाळे सौम्य झाले, तसा तो ब्रिटिश कोलंबियात कोट्यवधी झाडे वाळवीत सुटला आणि २००६ साली रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टात मोठ्या संख्येने उतरला.

परंतु हा हिशेब वऱ्हाडास जसाच्या तसा लावणे चुकीचे होईल. येथील थंडीने अळी कधी मरतच नव्हती. मग थंडी सरल्याने तिला नवे काय मिळणार? उलट, अकोल्यात ४७ अंशांपलीकडे गेलेला पारा उघड्या सालीवरील अंड्यांस बाधकही ठरू शकेल. म्हणजे कीड एका जागी वाढेल, तर दुसरीकडून मागेही हटेल. येथे खरा प्रश्न झाडाच्या प्रकृतीचा आहे. ही अळी मुख्यतः जुन्या व दुर्लक्षित बागांत माजते.

त्यात बागाईतदाराचा एक जुना नाजूक खेळ आहे. हस्त बहार धरण्यासाठी पावसाळ्याच्या अखेरीस पाणी तोडून झाडास ताण द्यावा लागतो, तेव्हा कुठे उन्हाळ्यात, भाव असताना, लिंबू हाती येते. परतीचा पाऊस लांबला की ताण बसत नाही, आणि पुढे उन्हाळा कडक गेला की नको असताना बसतो. तालुक्याचा काही भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील विहिरीचे खारे पाणी अशा वेळी कामास येत नाही. थकलेले झाड मग अळीस सोपे जाते.

उपाय जुनेच आहेत. जाळी झाडून काढावी, भोकात तार घालून आतील अळी मारावी, औषधाचा बोळा कोंबून तोंड चिखलाने लिंपावे. अडचण आहे ती वेळेची. पाऊस मागेपुढे झाला, तर पतंगही ठरल्या महिन्यात निघेलच असे नाही. म्हणून पंचांगापेक्षा खोडाकडे पाहावे लागते. सालीवर ताज्या, ओलसर भुशाची नळी दिसली, की त्या रात्री अळी चरून गेली आहे.