पाणी, साथ आणि ग्रामपंचायत

मृगाचा पाऊस सुरू झाला की शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतो आणि त्याच सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या दारात जुलाब-वांत्यांच्या रुग्णांची गर्दी वाढू लागते. हा योगायोग नव्हे. उन्हाळाभर गावाच्या आसपास साचलेली घाण पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर विहिरी, ओढे आणि नळांच्या फुटक्या जोडांपर्यंत पोहोचते. पटकी, अतिसार, हगवण, विषमज्वर आणि कावीळ हे रोग निरनिराळे असले, तरी त्यांचा प्रवासाचा मार्ग बहुतांशी एकच आहे. रोग्याच्या विष्ठेतील जंतू पाण्यात, अन्नावर किंवा हातांवर येतात व तेथून निरोगी माणसाच्या तोंडावाटे पोटात जातात. हा मार्ग जेथे तोडता येईल तेथे साथ थांबते.

रोगजंतूंचा शोध

साथ ही दैवी कोपामुळे किंवा दूषित हवेमुळे येते, असा समज जगभर दीर्घकाळ रूढ होता. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली असता डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली आणि त्यांतील बहुसंख्य लोक ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाचे पाणी पीत होते, हे दाखवून दिले. पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या जंतूचे निरीक्षण केले. त्याच शहरात डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये असे सिद्ध केले की, हा जंतू आतड्यात एक विष सोडतो व त्या विषामुळे शरीरातील पाणी झपाट्याने बाहेर पडते. रोगी मरतो तो मुख्यतः या जलशोषामुळे.

जलसंजीवनी

या ज्ञानातूनच एक अत्यंत साधा उपचार पुढे आला. १९७१ साली बांगला देशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात विरघळवून ते रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे शेकडा ४ च्याही खाली आले. हीच आजची जलसंजीवनी होय.

जलसंजीवनीचे पाकीट हाताशी नसल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि प्रत्येक जुलाबानंतर थोडे थोडे पाजावे. पाण्याचे व मिठाचे माप काटेकोर असावे, कारण जास्त मीठ बालकास अपायकारक ठरते. बालकांना याच्या जोडीला आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने १४ दिवस जस्ताच्या गोळ्या दिल्या जातात. जुलाब होताना पाणी दिले तर ते वाढतात, या समजुतीने मुलाचे पाणी बंद करणे किंवा तान्ह्या बाळाला अंगावरचे दूध तोडणे हे त्याच्या जिवावर बेतू शकते. डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, चिमटीत धरलेली कातडी सावकाश पूर्ववत होणे अथवा मूल निपचित पडणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच रुग्णास तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे.

विषमज्वर आणि कावीळ

विषमज्वरावर प्रतिजैविक औषधे गुणकारी आहेत. परंतु ताप उतरताच औषध सोडले तर रोग उलटतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. काही व्यक्तींच्या शरीरात हे जंतू त्या बऱ्या झाल्यानंतरही राहतात. म्हणूनच शाळा, वसतिगृहे व उपाहारगृहांत स्वयंपाक करणाऱ्यांनी साबणाने हात धुण्याला विशेष महत्त्व आहे.

पाण्यातून पसरणाऱ्या काविळीवर मात्र नेहमीच्या उपचारात जंतूचा नाश करणारे औषध नाही. विश्रांती व योग्य आहाराने बहुतेक रुग्ण बरे होतात. त्यामुळेच मंतरलेल्या माळेने कावीळ उतरते असा भास होतो. परंतु 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत झाल्यास शेकडा २० ते २५ पर्यंत स्त्रिया दगावू शकतात. अशा स्त्रीला माळ बांधण्यासाठी नेण्यात गेलेला प्रत्येक दिवस मोलाचा असतो. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने याच काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण आढळले होते.

विहिरीचे शुद्धीकरण

गावाच्या हाती असलेले सर्वांत स्वस्त शस्त्र म्हणजे टीसीएल, अर्थात विरंजक चूर्ण. त्याचा उपयोग मापाने व्हावा लागतो. विहिरीचा व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर असेल, तर तीत सुमारे ३७,६८० लिटर पाणी असते. हजार लिटरला २.५ ग्रॅम या हिशेबाने तिला सुमारे ९४ ग्रॅम चांगले चूर्ण लागते. पाणी गढूळ असल्यास अधिक लागते. चूर्ण बादलीत कालवून पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावे, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यावे व ती बादली विहिरीच्या पाण्यात खालीवर हलवावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. त्यानंतर किमान एक तास पाणी भरू नये. पुढे ओ.टी. चाचणीत पाण्यास पिवळी छटा आली, तर क्लोरिन शिल्लक असल्याचे समजते. वापराच्या ठिकाणी ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे.

ताज्या चूर्णात शेकडा ३३ च्या आसपास क्लोरिन असते. मात्र हवा, ऊन व ओल लागल्याने ते उडून जाते. उघड्या पोत्यात पडलेले चूर्ण टाकल्याने नोंदवही भरते, परंतु पाणी शुद्ध होत नाही.

शुद्धीकरणाबरोबरच विहिरीला कठडा व पक्का ओटा असणे, सांडपाणी दूर नेणे आणि शौचालयाचा शोषखड्डा किमान १५ मीटर अंतरावर असणे आवश्यक आहे. नळयोजनेत पुरवठा बंद होताच फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून गळतीची दुरुस्ती हेही आरोग्याचेच काम होय.

नारूचा धडा

ग्रामस्थांच्या प्रयत्नाने रोग समूळ नष्ट होऊ शकतो, याचा पुरावा नारू हा आहे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत, पायऱ्या उतरून पाणी भरण्याच्या विहिरींमुळे हा रोग पसरत असे. नारूवर लस नव्हती व औषधही नव्हते. पायविहिरींचे रूपांतर, हातपंप, फडक्याने पाणी गाळणे आणि प्रत्येक रुग्णाचा शोध, एवढ्याच बळावर मोहीम चालली. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

पटकी वा काविळीचा असा समूळ नायनाट सोपा नाही. पण साथ रोखणे निश्चितच शक्य आहे. एकाच वस्तीत जुलाबाचे दोन-तीन रुग्ण दिसताच शिक्षकाने किंवा पंचायत सदस्याने त्याच दिवशी आरोग्य केंद्रास कळवावे, पाण्याचा नमुना तपासणीस पाठवावा आणि टीसीएलचा साठा स्वतः पाहावा. साथ आल्यावर होणाऱ्या धावपळीच्या मानाने हे श्रम अल्प आहेत. त्यांतून वाचणारे जीव मात्र गावाचेच असतात.