तेलाचा पैसा आणि नगरपालिकेची वही

‘सर, गावात पैसा आला म्हणजे गाव सुधारते ना?’ असे माझ्या वर्गातील एका मुलाने विचारले. मुलगा खाणपट्ट्यातला. त्याला मी ब्राझीलची हकीकत सांगितली, तीच येथे मांडतो.

रिओ दि जानेरो राज्यातील काम्पोस हे उसाच्या मळ्यांचे जुने शहर. येथली साखर काळ्या गुलामांच्या घामावर पिकली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. १९७४ मध्ये समोरच्या समुद्रात तेल सापडले. १९८५ च्या कायद्याने किनाऱ्यावरच्या नगरपालिकांनाही स्वामित्वधन मिळू लागले आणि १९९७ च्या कायद्याने त्याचा दर ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत नेला. वाटणीची रीत मोठी गमतीची आहे. नगरपालिकेच्या हद्दीच्या रेषा समुद्रात वाढवायच्या. तेलविहिरी ज्यांच्या रेषांत पडतील, त्यांचा वाटा मोठा. दारिद्र्य कुठे किती, हा प्रश्न नकाशा विचारत नाही.

कासेली आणि मायकेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली या नगरपालिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वहीत शिक्षण, आरोग्य, घरे, रस्ते यांवरचा खर्च वाढलेला. लोकांच्या जगण्यात मात्र त्या प्रमाणात फरक नाही. मग पैसा मुरला कुठे? माझ्या मते मूळ कारण असे : घरपट्टी भरणारा माणूस कचेरीत जाऊन जाब विचारतो, समुद्रातून आलेल्या पैशाचा जाब विचारायला कोणी येत नाही. कंत्राटदाराला तर तो विचारला न गेलेलाच बरा. शिवाय १९८९ च्या कायद्याने या पैशातून कायम नोकरांचे पगार देण्यास बंदी घातली (शिक्षकांपुरती ती पुढे सैल झाली). हेतू चांगला, पण दवाखान्याची इमारत उठते आणि परिचारिकेचा कायम पगार दुसरीकडून शोधावा लागतो. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, तेव्हा या शहरांचे हातपाय गळाले.

त्याच राज्यात मारिका नावाची नगरपालिका आहे. तिने बसप्रवास फुकट केला, २०१३ साली ‘मुंबुका’ हे स्थानिक चलन काढले आणि २०१९ च्या अखेरीस सुमारे ४२,००० रहिवाशांना दरमहा १३० रियाल एवढी रक्कम त्या चलनात सुरू केली. मुंबुका गावातल्याच दुकानांत चालते, म्हणून पैसा गावात फिरतो. पुढच्या दिवसांसाठी वेगळा निधीही ठेवला आहे. तेलाचा आधार आहे तोवरचे हे, हेही विसरू नये; तरी गरिबाच्या हातात थेट रक्कम पडली.

सरकारी पैशाची वाटणी हा बाबासाहेबांचा खास विषय. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ चा. आपल्या चळवळीत तो किती जणांनी उघडला?

आपल्याकडेही २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत. जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के, लिलावातील पट्ट्यांवर १० टक्के रक्कम खाणबाधितांसाठी त्यांत जमा होते. त्या मुलाने पुढच्या आठवड्यात आपल्या गावच्या कामांची यादी मिळवून आणली. वस्तीच्या नावापुढे एक कमान होती. कमान उभी आहे, मी पाहून आलो. तिच्याखालून बाया घागरी घेऊन पाण्याला जातात.