रांजणगावची अबार्थ जुन्यात घेताय?

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत तयार झालेली फियाटची अबार्थ पुंटो २०१५ साली बाजारात आली. १.४ लिटर टर्बो पेट्रोल, १४५ अश्वशक्ती. आज जुन्यात पाहताना मीटरच्या आकड्यावर भुलू नका, तो मागे फिरवता येतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा. गाडी धावताना तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. गाडी दौंडच्या ऊसपट्ट्यात फिरलेली असेल तर रॅम्पवर चढवून बूड बघाच, गतिरोधकांच्या खुणा लपत नाहीत. फियाटची इथली विक्री केव्हाच थांबली. म्हणून सुट्या भागांचं आधी मेकॅनिकला विचारा, किमतीचं नंतर मालकाला. गाडीवर कर्ज होतं? मग गाडी नावावर करताना फॉर्म २९, ३० सोबत ३५ आणि बँकेचा ना हरकत दाखलाही लागतो.